काळ्या टी-शर्टवर निऑन हिरवा मारला की शेवाळ दिसतंय, काय चुकतंय?

निऑनच्या_नादात:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे विचारतोय, सांभाळून घ्या. मी कराडचा. घरामागच्या शेडमध्ये दीड वर्षापासून स्क्रीन प्रिंटिंग करतोय, आधी स्टिकर आणि लग्नपत्रिका, मग कापडी पिशव्या आणि आता टी-शर्ट. पांढऱ्यावर काळं नाहीतर लाल मारायचं असलं की काही टेन्शन नव्हतं, सगळं मस्त चाललेलं. तर आमच्या इथल्या एका गोविंदा पथकाची ऑर्डर आलीये, १५० टी-शर्ट, काळे राउंड नेक, कॉटन, १८० जीएसएम, छातीवर लहान लोगो आणि पाठीवर पथकाचं नाव मोठ्ठ्या अक्षरात, आणि सगळं 'रेडियम हिरव्या'त पाहिजे. पोरांनी मोबाईलवर फोटो दाखवला, काय चमकत होतं ते, मी म्हणलं होऊन जाईल त्यात काय आणि ॲडव्हान्स घेऊन बसलो.

फ्लोरोसंट हिरवी पेस्ट आणली, पाण्यातली, तयार मिळते ती. डब्यात इतकी भडक की डोळे दिपतात. जुन्या बनियनवर मारून बघितली, एक नंबर. काळ्यावर मारली आणि रंग गायब. ओली असताना थोडी तरी दिसत होती, वाळल्यावर विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ. म्हणलं कोट कमी पडला असेल, मग दोनदा ओढलं, चारदा ओढलं, जाड थर झाला, अक्षरांच्या कडा फुटल्या पण उजळायचं नाव नाही. दुकानदार म्हणाला त्यात थोडी व्हाइट पेस्ट कालव म्हणजे झाकेल. कालवली. झाकलं खरं पण निऑन मेला आणि पिस्ता बर्फी तयार झाली. शेवटी आधी पांढरा मारला, बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवला आणि वर हिरवा ओढला तर खालचा पांढरा उचलून जाळीला चिकटला आणि सगळा चिखल.

जाळी १२० नंबरची आहे, स्टिकरसाठी घेतलेली. हीट प्रेस आहे, हीट गन आहे, फ्लॅश मशीन (एका रंगानंतर लगेच वरून तापवून सुकवणारं) नाही. दहीहंडी १२ दिवसांवर आलीये, ११ टी-शर्ट वाया गेलेत आणि घरात आता ते फरशी पुसायला चाललेत. काय करू सांगा.

कोल्हापुरी_ठसा:

भावा आधी पोटभर हसून घेतलं, पिस्ता बर्फी 😂 राग मानू नको, हे सगळ्यांचं झालंय, माझी पहिली बॅच तर आंब्याच्या कोयीगत दिसत होती, ऑरेंज होता तो.

मी म्हणतो येवढा जीव कशाला काढतोस, १२ दिवस हातात आहेत, हीट प्रेस आहे, डीटीएफ काढून आण, म्हणजे डिझाइन फिल्मवर छापून आण, आणि चिकटव. फक्त डीटीएफवाल्याला आधी स्पष्ट विचार की तुझ्या मशीनला फ्लोरोसंट शाई आहे का, सगळ्यांकडे नसते. नेहमीच्या चार रंगांत निऑन बसतच नाही, स्क्रीनवर तू कितीही पोपटी निवड, छापून भेंडी येणार. छातीच्या लोगोला निऑन विनाइल पण चालतंय, कापून छिलायचं आणि प्रेस करायचं.

बोळातला_प्रेस:

ठसा, विनाइल दीडशे पाठींना कापत बसायचं म्हणजे पथकाची पुढची हंडी येईल. आणि पोराने ऑर्डर स्क्रीन प्रिंटची घेतलीये तर त्याला स्क्रीन प्रिंटच शिकू दे की.

कराडकर, मी पुण्यात २६ वर्षं हेच करतोय, आधी व्हिजिटिंग कार्डं, आता निम्मा धंदा गणपतीच्या टी-शर्टचा. एकच सांगतो, तुझी हिरवी शाई चांगली आहे, तिला हात लावू नकोस. तुला पांढरा नीट मारता येत नाहीये. काळ्या कापडावर फ्लोरोसंट म्हणजे ८० टक्के पांढऱ्याचं काम आणि २० टक्के हिरव्याचं, आणि तू ८० टक्क्याचं काम हेअर ड्रायरवर उरकलंस.

आता जाळी. तुझी १२० ही सेंटीमीटरची का इंचाची? स्टिकरची म्हणतोस म्हणजे सेंटीमीटरचीच असणार, म्हणजे इंचाला ३०५ धागे. त्यातून शाई उतरते ती पावडर लावल्यासारखी. बाहेरच्या व्हिडिओत ११० मेश, ११० मेश ओरडत असतात ते इंचाचं माप आहे, आपल्याकडच्या हिशोबाने ते ४३ होतं. हे न कळल्यामुळे किती पोरं १२० घेऊन बसलेली मी बघितलीत, त्यांना वाटतं आपण ११० च्या जवळच आहोत. दुकानात जाऊन सरळ ४३ माग, पांढऱ्यासाठी. हिरव्यासाठी ४८ किंवा ५५. अजून एक म्हणजे स्क्रीन टी-शर्टला टेकवून मारू नको, चार कोपऱ्यांना एकेक नाणं चिकटव, दोन-तीन मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे गेली की मागे जाळी स्वतःहून उचलली पाहिजे. जाळी ढिली असेल तर हे होणार नाही, बोटाने टिचकी मारून बघ, डफलीसारखी वाजली पाहिजे.

आणि चार-चार वेळा ओढायचं बंद कर. पांढरा मार, सुकव, परत पांढरा मार, सुकव, मग हिरवा एकदाच, फार तर दोनदा. जोर लावून कापडात घुसवायचा नाही, पांढरा कापडाच्या वर बसला पाहिजे.

इचलची_रंगारीण:

काकांनी सगळं सांगितलंच आहे पण असं का होतं ते सांगते, कारण एकदा ते कळलं की दुकानदाराने दिलेला असला सल्ला परत कोणी ऐकणार नाही. मी टेक्स्टाईल केमिस्ट्रीवाली आहे, इचलकरंजीत प्रोसेस हाउसला काम करते.

साधा रंग कसा, त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग खातो आणि उरलेला परत पाठवतो. फ्लोरोसंट त्याच्यावर आणखी एक काम करतो, जे आपल्याला दिसत नाहीत ते अल्ट्राव्हायोलेट किरण आणि थोडा निळा-जांभळा उजेड गिळतो आणि त्याचाच हिरवा करून बाहेर टाकतो. म्हणून तो कापडातून दिवा लावल्यासारखा दिसतो, त्या रंगाचा जेवढा उजेड त्याच्यावर पडला त्यापेक्षा जास्त तो परत देतो. पण हा बाहेर टाकलेला उजेड सगळ्या दिशांना जातो, फक्त तुमच्या डोळ्याकडे नाही, त्यातला साधारण निम्मा खाली कापडाकडे जातो. खाली पांढरा असेल तर तो परत वर येतो. खाली काळा असेल तर संपला, काळ्याने खाल्ला. आणि फ्लोरोसंट पिगमेंट म्हणजे पारदर्शक रेझिनच्या बारीक कणांत विरघळवलेला डाय असतो, रंगीत काचेचा चुराच समजा, त्याला झाकायची ताकद मुळात नसतेच. रंगीत काच काळ्या कागदावर ठेवली तर काय दिसणार? तुम्ही चार थर दिलेत म्हणजे चार काचा ठेवल्यात.

आता पांढरी पेस्ट मिसळल्यावर काय झालं. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो झाकतो छान, पण अल्ट्राव्हायोलेट पण तोच खाऊन टाकतो, म्हणजे फ्लोरोसंटच्या ताटातलं काढून घेतलं. शिवाय पांढऱ्यात मिसळलेला कुठलाही रंग फिकटच होणार. म्हणून पिस्ता बर्फी. पांढरा खाली पाहिजे, मिसळून नको, एवढाच फरक.

अजून एक, हे कण साध्या पिगमेंटपेक्षा बरेच मोठे असतात, साधं पिगमेंट एका मायक्रॉनच्या आत आणि हे काही मायक्रॉनचे. बारीक जाळीत ते लवकर जाम होतात, त्यामुळे काकांनी सांगितलेली ४८ बरोबर आहे.

लेमन पिवळा आणि हिरवा यात सगळ्यात लबाड, काळ्यावर लगेच उघडे पडतात. पण आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त टोचणारा रंग पण हाच, पोपटी-पिवळ्याच्या आसपास, ५५५ नॅनोमीटरला, त्यामुळे पथकाची निवड चुकीची नाहीये.

निऑनच्या_नादात:

ताई, काचेचं उदाहरण डोक्यात घट्ट बसलं. काका तुमची शंका बरोबर, जाळी सेंटीमीटरला १२० च आहे, आज दुकानात जाऊन बघितलं. ४३ आणि ४८ दोन्ही आणल्या.

आता प्रश्न असे की फ्लॅश नसताना पांढरा सुकवू कसा, हीट गनने एक टी-शर्ट सुकवायला तीन मिनिटं जातायत आणि मधेच एका ठिकाणी कापड पिवळं पडलं. दुसरं म्हणजे माझ्याकडे एकच टेबल आणि एकच बिजागरी आहे, मग पांढऱ्यानंतर हिरवी स्क्रीन नेमकी त्याच जागी कशी बसवू? आणि पावसाने नुसता वैताग आणलाय, इमल्शन (जाळीला लावतो ते, उजेडाने पक्कं होणारं) रात्रभर पंख्याखाली ठेवलं तरी सकाळी चिकट, एक्सपोज करून पाणी मारलं की अक्षरंच वाहून जातात. कोणीतरी डिस्चार्ज प्रिंट कर म्हणालं, काळा रंगच काढून टाकायचा म्हणे, ते कसं असतं?

इचलची_रंगारीण:

डिस्चार्ज घरात नको. रोंगोलाइट नावाचं रसायन टाकून गरम केलं की कापडाचा डाय तुटतो, त्यात वास आणि फॉर्मल्डिहाइड दोन्ही, आणि पावसाळ्यात तुमची शेड बंद असणार. शिवाय काळा रिॲक्टिव्ह डायचा असला तरच काम होतं, स्वस्तातल्या कॉटनला बरेचदा सल्फर ब्लॅक असतो, तो धड निघत नाही, विटकरी तपकिरी डाग राहतो. दीडशे नग आणि १२ दिवस, यात हा प्रयोग कशाला.

बोळातला_प्रेस:

टेबलाचं सांगतो. फ्लॅश आणि चार हाताचं मशीन नाही म्हणून रडायचं नाही, तिरुपूरला कितीतरी माल लांबलचक टेबलावर हातानेच छापला जातो. कापड टेबलाला गम लावून चिकटवतात, एक माणूस स्क्रीन घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा मारत जातो, शेवटाला पोचेपर्यंत पहिला वाळलेला असतो, मग दुसरा रंग घेऊन परत सुरुवात. तुझ्याकडे लांब टेबल नाही तर सुताराकडून प्लायचे पाट करून घे, २० पुरे. सगळे एकाच मापाचे पाहिजेत, एक सूत पण इकडेतिकडे नको. पाटावर टेबल गम, त्यावर टी-शर्ट घालून चिकटवायचा आणि दोन्ही रंग होईपर्यंत काढायचाच नाही. छापायच्या टेबलावर दोन पट्ट्या काटकोनात ठोक, पाट दर वेळी त्या कोपऱ्यात टेकला पाहिजे. वीसला पांढरा, पंख्याखाली रॅकवर लाव, परत वीसला पांढरा, मग बिजागरीला हिरवी स्क्रीन लाव, एकदा जुळवून घे की वीसच्या वीस बरोबर बसतात.

जुळवताना बारीक चूक होणारच म्हणून पांढरा थोडा बारीक ठेव. कोरल ड्रॉ वापरतोस ना, पांढऱ्याच्या पॉझिटिव्हला, म्हणजे स्क्रीन बनवायच्या फिल्मवरच्या काळ्या छापाला, अक्षरांना २ पॉइंटची पांढरी आउटलाइन दे, म्हणजे आतून १ पॉइंट खाल्ला, एक तृतीयांश मिलिमीटर. मग हिरवा पांढऱ्याच्या किंचित बाहेर येतो आणि कडेला पांढरं नख दिसत नाही. हे नाही केलं तर काळ्यावर एवढासा पांढरा डोकावला तरी दहा फुटावरून दिसतो.

आणि शाई बदल असं माझं मत. प्लास्टिसॉल घे, म्हणजे पाण्याऐवजी प्लास्टिकची, तापवल्यावरच पक्की होणारी शाई, पांढरा पण आणि हिरवा पण. तो जाळीत वाळत नाही, जेवायला गेलास तरी चालतं. हीट प्रेसची वरची प्लेट टी-शर्टच्या वर बोटभर अंतरावर धर, टेकवायची नाही, दहा-पंधरा सेकंदात पांढरा हाताला लागेनासा होतो.

दहाबायदहाची_खोली:

काका माफ करा पण प्लास्टिसॉलच्या बाबतीत माझं वेगळं म्हणणं आहे. मी नाशिकला घरात एका खोलीत करते, तुमच्यासारखा ओव्हन नाही. प्लास्टिसॉल १६० डिग्रीला पूर्ण शिजला पाहिजे, आणि वरचा थर नुसता नाही, अगदी कापडाला लागलेला खालचा पांढरा सुद्धा. तीन थरांचा जाड प्रिंट असेल तर वर १६० आणि खाली कच्चा असं होतं, लेझरची थर्मामीटर गन फक्त वरचंच तापमान सांगते. दिसायला फर्स्टक्लास आणि तिसऱ्या धुण्याला भेगा. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या पूर्ण ४० टी-शर्टचे पैसे मी परत दिलेत. त्यामुळे नवीन माणसाने इतक्या घाईत नवीन शाईवर उडी मारू नये. त्यांच्याकडे पाण्याची पेस्ट आहे, त्यातच नीट करता येतं. आणि पोरं थरावर चढणार, घाम येणार, पाठभर प्लास्टिकचा पत्रा कशाला.

मी कसं करते सांगते. पांढरी पेस्ट झाकणारी घ्यायची, काळ्या कापडासाठीची म्हणून मागायची, साधी नाही. फिक्सर (रंग कापडाला पक्का धरतो तो) मिसळायचा, पण दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पेस्टमध्ये, उरली तर घट्ट होते. पांढरा एकदा मारून पूर्ण कोरडा करायचा. कोरडा म्हणजे हाताच्या मागच्या बाजूने टेकवून गार लागत नाही तेव्हा, गार लागला म्हणजे आत पाणी आहे. मग दुसरा पांढरा. तो कोरडा झाला की एक युक्ती, टेफ्लॉन शीट ठेवून हीट प्रेस दोन-तीन सेकंद फक्त टेकवायची. कॉटनचे बारीक काळे केस पांढऱ्यातून वर आलेले असतात ना, ते झोपतात आणि पृष्ठभाग काचेसारखा होतो. त्या केसांमुळेच वरचा हिरवा मळकट दिसतो, माणसं शाईला दोष देत बसतात. हे केल्यावर हिरवा एकाच ओढीत उठतो, खरंच करून बघा. पाटावर असताना प्रेसमध्ये बसणार नाही तुमचा, तर हातातली इस्त्री टेफ्लॉनवरून फिरवा, चालते.

शेवटी हिरवा वाळला की प्रेस. पाणी आत असताना दाबलं तर वाफ कोंडते आणि फोड येतात, म्हणून आधी पूर्ण कोरडं, मग माझ्या मशीनला १५५ वर ३० सेकंद, उचलायचं, वाफ जाऊ द्यायची, परत ३०. तुमच्या मशीनचा आकडा खोटा बोलत असेल, माझं जुनं मशीन १५ डिग्री जास्त दाखवायचं. त्यामुळे एक टी-शर्ट बनवून दोन दिवस ठेवायचा आणि मग मशीनला चांगला तीनदा धुवायचा, ओढून ताणून बघायचा. तो पास झाला तरच बाकीचे.

इमल्शनचं, पावसाळ्यात हवेतच पाणी असतं तर पंखा ओलीच हवा मारणार. लाकडी कपाट घ्या, जुनं चालेल, त्यात साधा ६० वॉटचा पिवळा बल्ब खाली लावा आणि स्क्रीन आडवी ठेवा. बल्बला काळा-लाल कागद नको गुंडाळायला, जळेल, फक्त स्क्रीनकडे उजेड जाणार नाही असा पत्रा मध्ये लावा. मी तर रिकाम्या तांदळाच्या डब्यात भाजलेलं मीठ ठेवून पण बघितलंय, थोडा फरक पडतो. आणि पाण्याच्या पेस्टला पाण्याला टिकणारं इमल्शन सांगून घ्या, नाहीतर पन्नासाव्या टी-शर्टला अक्षरात भोकं पडायला लागतील.

बोळातला_प्रेस:

ताई, खालचा थर कच्चा राहतो हे मान्य. मी ओव्हनवाला असल्यामुळे मला ते जाणवत नाही, एवढं माझं चुकलं. इस्त्रीची युक्ती आमच्याकडे पण आहे, सांगायची राहिली.

निऑनच्या_नादात:

मंडळी रिपोर्ट. पाण्यातच राहिलो, नवीन शाईची हिंमत झाली नाही. पाट १६ च झाले, सुताराकडे प्लाय संपलं. ४३ मधून पांढरा दोनदा, इस्त्री, मग ४८ मधून हिरवा एकदा. काय सांगू, पहिला टी-शर्ट दारात उन्हाची तिरीप आली तिथे धरला आणि शेजारच्या काकू म्हणल्या हे लाइटवालं आहे का. बायकोने फोटो काढला तर फोटोत मात्र पिवळट पांढरा आलाय, पथकाच्या ग्रुपवर टाकला तर लगेच एकाचा मेसेज, हा आपला रंग नाही. आता त्याला प्रत्यक्ष येऊन बघ म्हणलंय.

धुवायची परीक्षा चालू आहे, दोन धुणी झाली, अजून टिकलंय.

आणि एक नवीन भानगड. पथकाच्या कोचनी सांगितलं की वरच्या थरावर चढणाऱ्या २० पोरांना ड्राय फिट कापडाचे काळे टी-शर्ट पाहिजेत, डिझाइन तेच. ट्रायल मारली, छान आलं, प्रेस केलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पांढरा मळकट जांभळा झालाय आणि हिरवा मेंदीसारखा. हे काय आता?

कोल्हापुरी_ठसा:

रंग चढला भावा, खालून. पॉलिस्टरचा हाच डाव असतोय. माझे एकदा लाल जर्सीवर पांढरे नंबर मारले होते, मॅचच्या दिवशी सगळे गुलाबी, पोरं मला अजून गुलाबजाम म्हणत्यात.

इचलची_रंगारीण:

हो, पॉलिस्टर डिस्पर्स डायने रंगवतात आणि तो डाय जास्त उष्णतेला वायू होऊन वर सरकतो, तुमच्या पांढऱ्यात जाऊन बसतो. कधी लगेच, कधी दोन-चार दिवसांनी, म्हणून हे फसवं असतं, गठ्ठा बांधून दिलेला माल गिऱ्हाईकाकडे जाऊन बदलतो. निऑनला तर एवढासा डाय पण सहन होत नाही. उपाय म्हणजे उष्णता कमी करा, पॉलिस्टरसाठीची कमी तापमानाची शाई आणि पहिल्या थराला डाय अडवणारा राखाडी किंवा काळा ब्लॉकर मिळतो तो मारा, त्यावर पांढरा, त्यावर हिरवा. २० नगांसाठी एवढं सगळं आणायचं का ते तुम्ही ठरवा. ठसांनी सांगितलेलं निऑन विनाइल इथे जास्त शहाणपणाचं आहे, फक्त कमी तापमानाला चिकटणारं आणि पॉलिस्टरसाठीचं म्हणून घ्या. प्रेस झाल्यावर टी-शर्ट गरम असताना एकावर एक रचू नका, गठ्ठ्यात उष्णता तशीच राहते आणि डाय चालतच राहतो.

कोल्हापुरी_ठसा:

बघा, शेवटी विनाइललाच आले सगळे 😎

निऑनच्या_नादात:

ठसा भाऊ, २० चं विनाइल तुमच्याकडूनच घेतो मग, कुरिअर करा. शेवटचं विचारतो, पथकाचे अध्यक्ष म्हणतायत की रात्री हंडीच्या वेळी आमचे टी-शर्ट 'रेडियम'सारखे अंधारात चमकले पाहिजेत, काय उत्तर देऊ?

बोळातला_प्रेस:

अध्यक्षांना आत्ताच खरं सांगून टाक नाहीतर उरलेलं पेमेंट अडकेल. आपल्याकडे रेडियम म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तू. गाडीच्या नंबर प्लेटला आणि रस्त्याच्या कामगारांच्या जॅकेटवर जी पट्टी असते ती काचेच्या बारीक मण्यांची, हेडलाइट पडला की तो उजेड आल्या वाटेने परत फेकते. दुसरं, देवघरातल्या त्या हिरवट मूर्ती, उजेड पिऊन ठेवतात आणि अंधारात थोडा वेळ सोडतात. आणि तिसरं तुझं फ्लोरोसंट, ते उजेड असेपर्यंतच, लाइट गेला की तेही गेलं. मूळ रेडियम तर पूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावायचे, ते खरंच किरणोत्सारी होतं, तेव्हा त्या शब्दाच्या नादी न लागलेलं बरं.

इचलची_रंगारीण:

त्यात एक भर घालते. रात्री कसं दिसेल ते लाइट कुठले आहेत त्यावर आहे. जुने पिवळे सोडियमचे दिवे असतील तर त्यात निळा उजेड जवळजवळ नसतोच, निऑन हिरव्याला खायलाच काही नाही, तो साधा मळका पोपटी दिसेल. एलईडीत निळा असतो, तिथे बऱ्यापैकी उठेल. आणि डीजेवाल्याकडे यूव्ही लाइट असतील, ते जांभळट दिवे, तर मात्र अंधारात अक्षरं तरंगल्यासारखी दिसतील, हा एकच प्रसंग आहे जिथे अध्यक्षांचं स्वप्न पूर्ण होईल. त्यांना म्हणावं टी-शर्टपेक्षा डीजेवाल्याशी बोला.

आणि धुतल्यावर उलटा करून सावलीत वाळत घालायला सांगा, फ्लोरोसंट उन्हात पटकन उडतो. पुढच्या वर्षी हिरवा गेलेला आणि पांढरा राहिलेला असे टी-शर्ट घेऊन तुमच्या दारात येतील.

निऑनच्या_नादात:

अध्यक्षांशी बोललो. ते म्हणले डीजेवाला माझा मेहुणाच आहे, जांभळे दिवे सांगतो.

तिसरं धुणं झालं, भेग नाही. आज रात्री ३२ झाले, १६ च्या दोन खेपा, उद्यापासून भाचा मदतीला येतोय. पांढऱ्याची एक स्क्रीन कोपऱ्यात फुटली ती चिकटपट्टीने बंद केलीये. आणि त्या पिस्ता बर्फीच्या ११ पैकी चार पोरांनी मागून नेले, सरावाला घालतो म्हणले.

दहाबायदहाची_खोली:

चिकटपट्टी आतून नको, टी-शर्टच्या बाजूने लावा, आतून लावली तर स्क्वीजीला अडते आणि तिथे रेघ येते. आणि त्या चार टी-शर्टवर तुमच्या शेडचं नाव छापलेलं नाही ना, एवढं बघून घ्या.